गर्भिणीचा पांडुरोग आणि फोलिक आम्ल : मुंबई १९२८ ते पुणे २००८

१. विषयप्रवेश

एखाद्या शोधाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्याच्या अखेरच्या टप्प्यावरून मागे पाहू लागतो. जे द्रव्य आज गोळीच्या रूपाने दवाखान्यात मिळते ते ज्या दिवशी प्रथम शुद्ध स्वरूपात हाती आले तोच त्याच्या शोधाचा दिवस, अशी आपली समजूत असते. पोषणशास्त्राच्या बाबतीत ही समजूत फारशी खरी नाही. या शास्त्रात द्रव्य हाती येण्याच्या कितीतरी आधी त्याचे अस्तित्व केवळ अनुमानाने सिद्ध झालेले असते. आणि ते अनुमान रसायनशाळेत नव्हे, तर रुग्णाच्या खाटेजवळ आणि त्याच्या ताटाच्या परीक्षणातून निघालेले असते. फोलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय. या द्रव्याला नाव मिळाले १९४१ साली. ते कृत्रिम रीत्या तयार झाले १९४५ साली. परंतु असे काहीतरी अन्नात असले पाहिजे हे त्यापूर्वी दहा वर्षे मुंबईत, गरीब गर्भवती स्त्रियांच्या रोगावर संशोधन करीत असता निश्चित झाले होते.

या इतिहासाचे महत्त्व केवळ पूर्वेतिहास म्हणून नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीनुसार भारतातील गर्भवती स्त्रियांपैकी शेकडा ५२.२ स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे ज्या प्रश्नाने हे संशोधन सुरू झाले तो प्रश्न सुटलेला नाही. शिवाय त्याच द्रव्याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत पुणे, म्हैसूर व मुंबई येथे जे संशोधन झाले, त्याने जुन्या उत्तरालाही एक नवी पुरवणी जोडली आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नव्हे, भाषाशास्त्राचा आहे. परंतु या शोधाच्या प्रत्येक टप्प्यावर एखादे नाव वाट दाखवते किंवा वाट अडवते असे दिसून येते. म्हणून घटनांच्या क्रमाबरोबर नावांच्या क्रमाकडेही लक्ष देण्याचे येथे योजिले आहे.

२. रोगाची नावे आणि त्यांतील गृहीते

‘पांडु’ म्हणजे फिकट, पिवळसर पांढरा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाला स्वतंत्र अध्याय असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक माती खाल्ल्याने होणारा आहे. हे नाव दिसणाऱ्या लक्षणावरून पडलेले आहे, कारणावरून नव्हे. त्यामुळे ते निरनिराळ्या कारणांच्या अनेक विकारांना सामावून घेते, पण कोणत्याही एका कारणाविषयी भलता आग्रह धरीत नाही. अलीकडच्या वैद्यकीय मराठीत रूढ झालेला ‘रक्तक्षय’ हा शब्द यापुढे एक पाऊल जातो. फिकेपणाच्या मागे रक्ताची घट आहे असे तो सांगतो. मात्र घट म्हटली की रक्त केवळ कमी झाले आहे, एरवी ते जसे असावे तसेच आहे, असा समज होण्याचा संभव असतो. आपल्या विषयातील रोगात तसे नव्हते. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटलेली असे हे खरे. पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाच्या अभावी होणाऱ्या सर्वसाधारण रक्तक्षयात पेशी लहान व फिकट होतात. येथे त्याच्या उलट प्रकार होता.

असे मोठ्या पेशींचे रक्त युरोपीय वैद्यांना एका दुसऱ्या रोगात परिचित झाले होते. लंडनचे टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि झुरिकचे बीरमेर यांनी १८७२ साली त्याला ‘वाढत जाणारा घातक’ असे विशेषण दिले. तेव्हापासून तो ‘पर्निशस ॲनिमिया’, म्हणजे घातक रक्तक्षय, या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे गर्भवती स्त्रियांत तशाच रक्ताचा विकार आढळला, तेव्हा साम्यावरून त्याला ‘गर्भावस्थेतील घातक रक्तक्षय’ असे म्हणण्यात आले. १९२६ साली अमेरिकेतील मायनट आणि मर्फी यांनी घातक रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून बरे केले होते. साहजिकच नावातल्या साम्यामुळे हे दोन रोग एकच, असे मानण्याकडे कल होता.

परंतु साम्याइतकाच भेदही स्पष्ट होता. ॲडिसनचा रोग उतारवयात जडे. त्यात जठरातील आम्ल नाहीसे होई. पुष्कळदा मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातापायांना बधिरता येई. आणि उपचार नसल्यास तो माणसाला सोडीत नसे. मुंबईच्या रुग्ण स्त्रिया तरुण होत्या, मज्जातंतूंचा विकार त्यांच्यात नसे आणि बाळंतपणातून वाचल्यास त्या बऱ्याही होत. प्रश्न असा होता, की नाव ज्या दिशेने नेते तिकडे जावे, की हे भेद ज्या दिशेला बोट दाखवतात तिकडे?

३. परळ येथील संशोधन

लूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास १९११ साली पुरा केला. परंतु स्त्रियांना पदवी देण्याचा प्रघात त्या विद्यापीठात तेव्हा नव्हता. पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० साली त्या वैद्य झाल्या आणि रॉयल फ्री रुग्णालयात रासायनिक विकृतिशास्त्राचे काम करू लागल्या. वनस्पती आणि रसायन या दोन्ही विषयांची ही पूर्वतयारी त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी भारतीय संशोधन निधि मंडळाने मातृमृत्यूंच्या कारणांची चौकशी हाती घेतली होती. वैद्यकीय सेवेत भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर या तिच्याशी निगडित होत्या. त्यांच्या सूचनेवरून विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट ही त्यांची मुख्य कार्यशाळा होती आणि खर्चाचा काही भार लेडी टाटा स्मारक निधीने उचलला होता. हाफकिन इन्स्टिट्यूट ही जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत वसलेली. सभोवार कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळी. ज्या रोगाचा शोध घ्यायचा तो प्रयोगशाळेच्या कुंपणापलीकडेच होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. रुग्णांमध्ये गरीब वर्गातील स्त्रिया, त्यांतही कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया, पुष्कळ होत्या.

विल्स यांच्या कामाची पद्धत दुहेरी होती. मेहता या सहकाऱ्यासमवेत त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे परीक्षण केले आणि प्राथमिक अहवाल १९३० साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणीही प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या समाजांतील व आर्थिक थरांतील स्त्रिया काय खातात आणि त्यांपैकी कोणाला हा रोग जडतो, यांची सांगड घालून पाहता असे आढळले, की ज्या गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता त्यांच्यातच या रोगाचा प्रादुर्भाव सर्वांत अधिक होता. ताटात फळे व भाजीपाला यांची वाण होती.

रोगाचे कारण जंतू असेल, विषबाधा असेल, हवामान असेल, अशी अनुमाने त्या काळी उष्ण प्रदेशातील कोणत्याही अपरिचित विकाराविषयी सहज केली जात. या पाहणीने प्रश्न स्वयंपाकघरात आणला. तसेच, कोणी एक समाज स्वभावतःच दुर्बळ असतो अशी जी समजूत तेव्हा प्रचलित होती, तिच्याऐवजी उत्पन्न आणि आहार यांच्याकडे लक्ष वेधले. कारण जर आहारात असेल तर उपायही आहारात असला पाहिजे. आणि तो गरिबाला परवडेल असा असला पाहिजे.

४. उंदीर, माकड आणि यीस्टचा अर्क

१९२९ साली विल्स यांनी काही महिने कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केले. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन हे पोषणविषयक संशोधनाचे प्रमुख होते आणि आहाराचे परिणाम उंदरांवर पाहण्याची त्यांची पद्धत तोपर्यंत विख्यात झाली होती. (तेथील पोषणविषयक संशोधनाची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.) मुंबईतील गरीब मुसलमान स्त्रिया जे खात तेच विल्स यांनी उंदरांच्या माद्यांना खाऊ घातले. माद्यांना रक्तक्षय झाला आणि गाभण राहिलेल्या कित्येक मेल्या. यीस्ट दिले असता तो टळला.

हा निकाल प्रथमदर्शनी निर्णायक वाटण्यासारखा होता; परंतु पुढे लक्षात आले, की त्या उंदरांत उवांमार्फत पसरणारा एक संसर्ग होता व त्यानेही रक्तक्षय होऊ शकतो. तेव्हा तो पुरावा तसाच पुढे न रेटता प्रयोग माकडांवर नव्याने करण्यात आला. सदोष आहाराने माकडांत मोठ्या पेशींचा रक्तक्षय उत्पन्न करता येतो, हे विल्स आणि बिलिमोरिया यांनी १९३२ साली दाखविले. उंदरांच्या प्रयोगातील त्रुटीमुळे सिद्धांत डळमळला नाही, याचे कारण तो केवळ त्या एका प्रयोगावर उभा नव्हता. तोवर माणसांवरील उपचारांचे निष्कर्ष हाती आले होते.

हे उपचार मुंबईत झाले. यीस्टचा अर्क म्हणजे मद्य तयार करताना उरलेल्या यीस्टपासून बनविलेला काळपट, खारट, दाट पदार्थ. इंग्लंडमध्ये तो ‘मार्माइट’ या नावाने विकला जाई व पावाला लावून खाल्ला जाई. यकृताच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त होता. तो दिल्यावर रुग्ण स्त्रियांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी झपाट्याने दिसू लागल्या आणि स्त्रिया सुधारल्या. २० जून १९३१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधाच्या बाटलीऐवजी खाद्यपदार्थाच्या बरणीतून मृत्यूच्या दारातील रुग्ण परत आणता येतो, ही गोष्ट तेव्हाच्या वैद्यांना नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाही.

आता प्रश्न राहिला तो असा, की यीस्टमधील गुणकारी घटक कोणता? यकृतातही तो असला पाहिजे, कारण यकृताने हा रोग बरा होई. मग ॲडिसनच्या रोगावर गुणकारी ठरणारा यकृतातील घटक तो हाच काय? यकृताचे अर्क हळूहळू अधिक शुद्ध होऊ लागले, तसे याचे उत्तर मिळाले. शुद्ध केलेल्या अर्काने ॲडिसनचा रोग बरा होई, परंतु मुंबईच्या स्त्रियांच्या रोगावर तो लागू पडत नसे. उलट कच्च्या, अशुद्ध अर्काने दोन्ही बरे होत. अर्थात् शुद्धीकरणात जे गाळून टाकले जात होते त्यातच मुंबईच्या रोगाचे औषध होते. विल्स, क्लटरबक व इव्हान्स यांनी १९३७ साली हा भेद निःसंदिग्धपणे मांडला. नावाने जे दोन रोग एक केले होते ते अशा रीतीने वेगळे झाले. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले. मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही नावे लेखांच्या शिरोभागी राहिली. द्रव्याच्या नावात एकच नाव मावले. शोधांच्या नामकरणाचा हा सार्वत्रिक नियम आहे.

५. एका द्रव्याची अनेक नावे

यानंतरचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला विशेष मनोरंजक वाटेल. एकच द्रव्य निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या प्राण्यांवर पाहिले जात होते आणि प्रत्येक ठिकाणी त्याला स्वतंत्र नाव मिळत होते. माकडांवरील प्रयोगांत ते ‘एम्’ जीवनसत्त्व झाले. कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत ‘बीसी’ जीवनसत्त्व झाले. दुधात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजंतूची वाढ त्याने होते असे दिसल्यावर त्या जंतूच्या नावाने तो ‘घटक’ झाला. नावांच्या या गर्दीत वस्तू एक आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता. अखेर १९४१ साली अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी चार टन पालक वापरून त्यातून हे द्रव्य एकवटले आणि पानांपासून मिळाले म्हणून लॅटिनमधील ‘फोलियुम’ या शब्दावरून त्याला ‘फोलिक आम्ल’ म्हटले. ‘फोलियुम’ म्हणजे पान. ग्रंथाच्या पृष्ठाला युरोपीय भाषांत ‘फोलिओ’ म्हणतात तो शब्द याच मुळापासून आला. आपल्याकडेही झाडाचे ते पान आणि पोथीचेही ते पानच. आणि भाजीला तर आपण ‘पालेभाजी’ म्हणतो. तेव्हा फोलिक आम्लाला मराठीत ‘पत्राम्ल’ म्हणता आले असते; पण परका शब्द रूढ झाला व तोच वापरणे सोयीचे आहे.

‘जीवनसत्त्व’ हा शब्द मात्र मराठीने उत्तम घडविला आहे. कासिमिर फुंक यांनी १९१२ साली ‘जीवनाला आवश्यक असे अमाइन’ या अर्थाने ‘व्हिटामाइन’ हा शब्द योजला. पुढे कळले, की ही सर्व द्रव्ये अमाइन नसतात. म्हणून १९२० साली ड्रमंड यांनी त्या शब्दाच्या इंग्रजी रूपातील शेवटचे अक्षर काढून टाकले व तो चुकीचा रासायनिक अर्थ झाकला. मराठी शब्दावर असा प्रसंग येण्याचे कारण नव्हते. गुळवेलीचे सत्त्व, नाचणीचे सत्त्व या घरगुती प्रयोगांतील ‘सत्त्व’ म्हणजे पदार्थाचा सारभूत अंश. त्याची रासायनिक जात कोणती, याविषयी हा शब्द मौन पाळतो.

१९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फोलिक आम्ल कृत्रिम रीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. संग्रहणीचा जो प्रकार ‘स्प्रू’ म्हणून ओळखला जातो त्याने त्यांच्या घरात मृत्यू घडवले होते; आणि त्या रोगावर फोलिक आम्ल गुणकारी ठरले. याच द्रव्याशी साम्य असलेले, परंतु त्याच्या कार्यात अडथळा आणणारे द्रव्य वापरून १९४८ साली सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्तकर्करोगाला काही काळ आवर घातला. कर्करोगावरील रासायनिक उपचारांच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. येथे तिचा केवळ निर्देश पुरे.

या सर्वांमागील कार्यकारणभाव थोडक्यात असा. पेशीचे विभाजन होताना केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते व त्यासाठी फोलिक आम्ल लागते. ते नसेल तर पेशी वाढते पण दुभंगत नाही. म्हणून ती मोठी होते आणि अशा पेशी संख्येने थोड्या राहतात. गर्भावस्थेत आईच्या रक्ताची व गर्भाची वाढ एकाच वेळी होत असल्याने गरज फार वाढते. ताटात पालेभाजी नाही, डाळी बेताच्या आणि जे आहे तेही फार वेळ शिजविलेले, अशा स्थितीत तूट पडते. या द्रव्याचा पुष्कळसा अंश दीर्घकाळ शिजविल्याने नष्ट होतो.

६. गोळीचे युग

द्रव्य स्वस्त झाल्यावर ते गोळीतून सर्वांना देण्याची कल्पना पुढे येणे स्वाभाविक होते. भारतात १९७० साली पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. गर्भवती स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी देण्याचे तीत ठरले. पुढे फोलिक आम्लाचे आणखी एक महत्त्वाचे कार्य उघडकीस आले. गर्भाच्या पाठीचा कणा व मेंदू ज्या नलिकेपासून बनतात ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटावी लागते. ती नीट न मिटल्यास मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल दिल्यास पुन्हा असे व्यंग होण्याचा धोका शेकडा ७२ इतका घटतो, असे त्यांत दिसले. अमेरिकेत जानेवारी १९९८ पासून धान्याच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले.

परंतु एक इशारा या यशाच्या आरंभापासूनच मिळालेला होता. फोलिक आम्ल मिळू लागताच ते ॲडिसनच्या रोग्यांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले. मात्र मज्जातंतूंचा विकार वाढत गेला. रक्ताच्या तपासणीवर विसंबून राहिल्यास खरी तूट झाकली जाते, हे त्यावरून कळले. ती तूट ज्या द्रव्याची होती ते १९४८ साली यकृतातून स्फटिकरूपाने मिळाले आणि त्याला ‘ब १२’ म्हणू लागले. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उकलली. हे द्रव्य केवळ सूक्ष्मजंतूच तयार करतात. वनस्पतींपासून ते मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच ते माणसाला मिळते. १९३७ साली जे दोन घटक वेगळे केले गेले होते ते शरीरात मात्र एकमेकांवाचून काम करू शकत नाहीत. ‘ब १२’ नसेल तर फोलेट अशा एका रूपात अडकून पडते, की ते असूनही नसल्यासारखे होते.

७. पुण्यातील निरीक्षण

१९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. मधुमेहाची बीजे गर्भावस्थेत पडत असावीत काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या माता लहानखुऱ्या बांध्याच्या होत्या. त्यांचे वजन सरासरीने बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. तथापि ही बाळे सर्वांगाने सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी असूनही त्वचेखालील मेद तेवढ्या प्रमाणात कमी नव्हता. २००३ साली या बाळांचे वर्णन ‘कृश पण मेदयुक्त’ अशा शब्दांत करण्यात आले.

आहाराविषयीचा निष्कर्ष २००१ साली शोभा राव, याज्ञिक आदींनी प्रसिद्ध केला. मातेने एकूण किती उष्मांक व प्रथिने खाल्ली यांच्याशी बाळाच्या आकारमानाचा संबंध दिसला नाही; तो दिसला पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी. परळच्या १९३० च्या पाहणीत ज्या पदार्थांची उणीव दिसली होती त्यांच्याशी हे किती जुळते, ते वाचकांच्या ध्यानात येईलच.

तथापि सर्वांत विचारप्रवर्तक निष्कर्ष २००८ साली आला. या मातांत फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. उलट सुमारे दोनतृतीयांश मातांत ‘ब १२’ कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली असता, ज्यांच्या मातांचे गर्भावस्थेतील फोलेट अधिक होते त्यांच्या अंगात मेद अधिक होता व इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्तीही अधिक होती. ज्यांच्या मातांत फोलेट भरपूर परंतु ‘ब १२’ कमी असा विषम योग होता, त्या मुलांत ही प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हीच प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेते.

या निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. तो निरीक्षणाने मिळालेला आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. म्हैसूर येथील अशाच अभ्यासात मातेच्या अधिक फोलेटशी मुलांची चांगली बौद्धिक क्षमता निगडित असल्याचे २०१० साली दिसले आणि इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्तीही निगडित असल्याचे २०१४ साली दिसले. म्हणजे एकच द्रव्य दोन तराजूंत दोन वेगळी वजने दाखविते. तेव्हा यावरून गर्भवतीने फोलिक आम्लाची गोळी सोडावी, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो अनर्थकारक ठरेल. मज्जानलिकेच्या व्यंगांपासून मिळणारे संरक्षण प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. सूचित होते ते इतकेच, की जेथे ‘ब १२’ ची तूट सार्वत्रिक आहे तेथे एकट्या फोलिक आम्लाने काम भागणार नाही. पुण्याच्या गटाने याच दिशेने पुढील पाऊल टाकले. १९९० च्या दशकात जन्मलेली तीच मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम ‘ब १२’ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग त्यांनी आरंभिला.

मुंबईतही एक प्रयोग झाला. २००६ ते २०१२ या काळात तेथील झोपडवस्त्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध होते. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे सत्त्वाने उणे पदार्थ होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात निश्चित म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ मिळालेल्या मातांच्या बाळांचे वजन मात्र सुमारे ४८ ग्रॅमनी अधिक भरले. २०१६ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली : गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा १२.४ होते, पालेभाजीच्या गटात ते शेकडा ७.३ होते.

८. उपसंहार

या इतिहासावरून दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली अशी, की एखाद्या द्रव्याला नाव मिळणे हा ज्ञानाचा लाभ असतो, तसाच त्यात एक धोकाही असतो. अनामिक असताना विल्स घटक यीस्टमध्ये, यकृतात, पालेभाजीत होता. म्हणजे नेहमी इतर द्रव्यांच्या सोबतीत होता. नाव मिळाल्यावर तो एकटा झाला व गोळीत बसला. त्यामुळे असंख्य माता व बालके वाचली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु सोबतीचे द्रव्य ज्या समाजाच्या आहारात मुळातच थोडे आहे, त्या समाजात एकट्याने काम करण्यास त्याला पाठविले गेले. पुण्याच्या संशोधनाने नेमकी या सोबतीची आठवण करून दिली.

दुसरी गोष्ट पद्धतीची. १९२८ साली विल्स यांच्यापुढे दोन मार्ग होते. रोगाचे नाव प्रमाण मानून ठरलेले औषध द्यावे, किंवा रुग्ण स्त्री काय खाते हे तिला विचारावे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. पुढे पुण्यानेही मातांना तोच प्रश्न विचारला आणि उत्तरही पुष्कळसे तेच आले : पालेभाजी, फळे, दूध. भारतातील गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असताना गोळीचे वाटप चालू राहिलेच पाहिजे. तीत ‘ब १२’ ची भर घालावी काय, याचा निर्णय प्रयोगांच्या आधारे शास्त्रज्ञ देतील. परंतु ती गोळी ज्या ताटाबरोबर घेतली जाते, त्या ताटात काय आहे व काय नाही, आणि नसल्यास ते का परवडत नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राने सुटणारा नाही. १९३० च्या पाहणीत तो आहाराबरोबरच राहणीचा व उत्पन्नाचा प्रश्न म्हणून मांडला गेला होता. नव्वद वर्षांनंतरही तो त्याच शब्दांत मांडावा लागतो.